सोलापूरचा छापा, मोम्बासाचे तस्कर आणि पॅरिसचे नियम : मनी लॉन्डरिंगविरुद्ध जग कसं लढतं?

एप्रिल २०१६. ठाणे पोलिसांचं पथक सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पोहोचलं. छापा होता एव्हॉन लाइफसायन्सेस या औषध कंपनीच्या कारखान्यावर. तिथे सापडलं सुमारे १८ टन इफेड्रिन. बाजारातली किंमत सुमारे २००० कोटी रुपये असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि चादरी, टॉवेल आणि शेंगाचटणीसाठी ओळखलं जाणारं सोलापूर एका रात्रीत देशभरच्या बातम्यांत आलं.

इफेड्रिन हे तसं औषध. सर्दी आणि दम्यावरच्या औषधांमध्ये ते वापरलं जातं. पण याच पावडरीपासून मेथॅम्फेटामाइन, म्हणजे 'मेथ' नावाचं अत्यंत घातक ड्रग तयार होतं.

या छाप्याची दुसरी बाजू उलगडली ती हजारो किलोमीटर लांब, न्यूयॉर्कच्या कोर्टात. केनियातल्या मोम्बासा शहरातले अकाशा बंधू आणि त्यांचा भारतीय साथीदार विकी गोस्वामी यांच्यावर तिथे खटला चालला. भारतातून काही टन इफेड्रिन आफ्रिकेत न्यायचं आणि तिथे मेथ बनवायचं, असा या टोळीचा बेत होता आणि तो सोलापूरच्या छाप्यामुळे फसला, असं अमेरिकी सरकारी वकिलांनी सांगितलं.

यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. या लोकांना नोव्हेंबर २०१४ मध्येच मोम्बासात पकडण्यात आलं होतं. तरी ते अमेरिकेच्या ताब्यात गेले जानेवारी २०१७ मध्ये. मधली दोन वर्षं कशी गेली? प्रत्यार्पण लांबवण्यासाठी केनियातल्या अधिकाऱ्यांना लाच दिल्याचं बख्ताश आणि इब्राहिम या अकाशा बंधूंनी गुन्हा कबूल करताना मान्य केलं. बख्ताशला २०१९ मध्ये २५ वर्षांची, तर इब्राहिमला २०२० मध्ये २३ वर्षांची शिक्षा झाली.

(सोलापूरच्या प्रकरणात अभिनेत्री ममता कुलकर्णी हिचंही नाव घेण्यात आलं होतं. तिच्याविरुद्धचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला.)

म्हणजे कच्चा माल सोलापूरचा, टोळी केनियातली, लाच तिथल्याच अधिकाऱ्यांना आणि शिक्षा अमेरिकेत. या सगळ्याला जोडणारी एकच गोष्ट होती. पैसा. हा पैसा एका देशाच्या पोलिसांना पकडता येत नाही, म्हणून जगाने गेल्या साडेतीन दशकांत नियमांचं एक जाळं विणलं. ते जाळं कसं काम करतं, त्यातून कोण निसटतं आणि सोलापूरच्या बँकेत केवायसीचा फॉर्म भरणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, ते समजून घेऊ.

मनी लॉन्डरिंग म्हणजे नेमकं काय?

काळा पैसा आणि मनी लॉन्डरिंग हे शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. पण दोन्हींत फरक आहे.

एखाद्या दुकानदाराने विक्री लपवली आणि कर चुकवला, तर तो पैसा काळा झाला. धंदा मात्र कायदेशीर होता. मनी लॉन्डरिंगमध्ये पैशाचा उगमच गुन्ह्यात असतो. ड्रग्ज, लाच, फसवणूक, खंडणी अशा गुन्ह्यातून आलेला पैसा जणू घामाचाच आहे असं दाखवणं, म्हणजे मनी लॉन्डरिंग. कपडे धुऊन डाग घालवावेत तसा पैशावरचा गुन्ह्याचा डाग घालवायचा.

ही धुलाई साधारण तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा पैसा यंत्रणेत घुसवण्याचा. रोख रक्कम थोडी थोडी करून वेगवेगळ्या खात्यांत भरायची, सोनं घ्यायचं किंवा रोखीने चालणाऱ्या धंद्याच्या गल्ल्यात मिसळायची.

दुसरा टप्पा माग पुसण्याचा. या खात्यातून त्या खात्यात, एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत, एका देशातून दुसऱ्या देशात पैसा इतका फिरवायचा की सुरुवात कुठे झाली तेच कळू नये. फक्त कागदावर असलेल्या 'शेल' कंपन्या, हवाला आणि अलीकडे क्रिप्टो यांचा वापर इथे होतो.

तिसरा टप्पा पैसा उजळ माथ्याने परत आणण्याचा. जमीन, फ्लॅट, हॉटेल, शेअर्स, कंपनीतली गुंतवणूक. आता मालक प्रतिष्ठित आणि पैसा स्वच्छ.

टॉवेलच्या बिलातूनही पैसा धुता येतो?

हो. याला व्यापाराआडचं मनी लॉन्डरिंग म्हणतात आणि ते पकडणं सगळ्यात अवघड मानलं जातं.

सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशात जातात, म्हणून त्यांचंच काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका निर्यातदाराने १० लाख रुपयांचे टॉवेल दुबईला पाठवले, पण बिल केलं ५० लाखांचं. दुबईतली कंपनी त्याच्याच माणसाची. तिने ५० लाख बँकेतून रीतसर पाठवले. यातले १० लाख टॉवेलचे आणि ४० लाख भलत्याच कुठल्या तरी गुन्ह्यातले. पण कागदोपत्री सगळी रक्कम निर्यातीची कमाई.

उलटंही करता येतं. ५० लाखांचा माल १० लाखांचा दाखवला की ४० लाखांची किंमत देशाबाहेर राहते. कंटेनर खरा असतो, टॉवेल खरे असतात, बँकेचा व्यवहारही खरा असतो. खोटा असतो तो फक्त बिलावरचा आकडा. तो खोटा आहे हे कळण्यासाठी दोन्ही देशांच्या कस्टम खात्यांनी आपापले कागद शेजारी ठेवून पाहावे लागतात. एकट्या भारताला हे जमणारं नाही.

जगाला जाग कधी आली?

१९८० च्या दशकात कोकेन आणि हेरॉइनच्या पैशाचे लोंढे बँकांमधून वाहू लागले, तेव्हा. तस्कर पकडला तरी त्याचा पैसा शाबूत राहायचा आणि त्या पैशावर दुसरा तस्कर उभा राहायचा. बहुतेक देशांत मनी लॉन्डरिंग हा स्वतंत्र गुन्हाही नव्हता.

२० डिसेंबर १९८८ रोजी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थविरोधी करार झाला. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. एक म्हणजे ड्रग्जचा पैसा धुणं हा प्रत्येक देशाने गुन्हा ठरवायचा आणि चौकशीत बँकेच्या गुप्ततेचं कारण पुढे करून माहिती नाकारायची नाही. दुसरी म्हणजे ज्या रसायनांपासून ड्रग्ज बनतात त्यांच्यावरही नजर ठेवायची. या रसायनांच्या यादीत इफेड्रिन होतं. भारत १९९० मध्ये या करारात सामील झाला.

म्हणजे चिंचोळी एमआयडीसीत जे रसायन सापडलं ते आणि त्यातून मिळू शकणारा पैसा, या दोन्हींवरचे जागतिक नियम एकाच कागदातून आलेले आहेत.

एफएटीएफ काय आहे?

व्हिएन्ना करारानंतर काही महिन्यांतच, जुलै १९८९ मध्ये, जी-७ देशांची पॅरिसमध्ये बैठक झाली. तिथे फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफची स्थापना झाली. १९९० मध्ये तिने ४० शिफारशी जाहीर केल्या. सुरुवातीला लक्ष्य फक्त ड्रग्जचा पैसा होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दहशतवादाला मिळणारा पैसाही त्यात आला. २०१२ मध्ये शिफारशी नव्याने लिहिल्या गेल्या.

एफएटीएफकडे पोलीस नाहीत, कोर्ट नाही, कुणाला अटक करण्याचा अधिकार नाही. मग तिला देश घाबरतात का?

कारण तिच्याकडे यादी आहे. एफएटीएफ सदस्य देशांची तपासणी करते. कायदे कागदावर आहेत का आणि प्रत्यक्षात चालतात का, दोन्ही पाहते. ज्या देशांत मोठ्या त्रुटी आहेत त्यांना 'ग्रे लिस्ट'मध्ये टाकलं जातं. परिस्थिती फारच वाईट असेल तर 'ब्लॅक लिस्ट'. ग्रे लिस्टमध्ये गेलेल्या देशाशी व्यवहार करताना परदेशी बँका हात आखडता घेतात, पैसे पाठवणं महाग होतं, गुंतवणूकदार बिचकतात. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात ग्रे लिस्टमध्ये होता. उत्तर कोरिया, इराण आणि म्यानमार ब्लॅक लिस्टमध्ये आहेत.

थोडक्यात, गावात उधारी कुणाला द्यायची नाही याची यादी वाण्याकडे असावी, तसा हा प्रकार. शिक्षा कुणी करत नाही, पण पत जाते.

लाचखोरीसाठी वेगळा करार का लागला?

अकाशा प्रकरणाने जे दाखवलं तेच त्याचं उत्तर आहे. कायदा कितीही कडक असला, तरी तो राबवणारा माणूस विकत घेता आला तर उपयोग शून्य.

ऑक्टोबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भ्रष्टाचारविरोधी करार मंजूर केला. डिसेंबर २००५ पासून तो लागू झाला. भारताने मे २०११ मध्ये त्याला अंतिम मान्यता दिली. एखाद्या नेत्याने किंवा अधिकाऱ्याने देशाचा पैसा चोरून परदेशात ठेवला असेल, तर तो मूळ देशाला परत मिळवून देणं, हे या कराराचं मूलभूत तत्त्व आहे.

याशिवाय देशोदेशीच्या आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणांचा 'एग्मॉन्ट ग्रुप' आहे. १९९५ मध्ये ब्रुसेल्समधल्या एग्मॉन्ट राजवाड्यात पहिली बैठक झाली, म्हणून हे नाव. एका देशातल्या संशयास्पद खात्याची माहिती दुसऱ्या देशाला सुरक्षितपणे देण्याचं काम इथून चालतं.

भारतात कोणता कायदा आहे?

प्रिव्हेन्शन ऑफ मनी लॉन्डरिंग अ‍ॅक्ट, म्हणजे रोज बातम्यांत ऐकू येणारा पीएमएलए. कायदा २००२ चा, पण लागू झाला १ जुलै २००५ पासून. २०१० मध्ये भारत एफएटीएफचा पूर्ण सदस्य झाला.

पीएमएलए स्वतंत्रपणे लागत नाही. आधी एखादा मूळ गुन्हा लागतो. ड्रग्ज, लाचखोरी, फसवणूक अशा गुन्ह्यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. त्या गुन्ह्यातून मिळालेल्या पैशाच्या मागे सक्तवसुली संचालनालय, म्हणजे ईडी लागते. शिक्षा ३ ते ७ वर्षं सक्तमजुरी. मूळ गुन्हा अमली पदार्थांचा असेल तर १० वर्षांपर्यंत. खटला संपायच्या आधीच ईडी मालमत्तेवर १८० दिवसांसाठी तात्पुरती टाच आणू शकते.

सोलापूरच्या बँक काउंटरवर हे कसं पोहोचतं?

पॅरिसमध्ये ठरलेल्या शिफारशी, दिल्लीत झालेला कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे आदेश, या वाटेने हे नियम नवी पेठेतल्या किंवा अक्कलकोटच्या एखाद्या बँक शाखेत येतात. सरकारी, खासगी, नागरी सहकारी, कुठलीही बँक याला अपवाद नाही.

● केवायसी : खातं कुणाचं आहे याची खात्री करणं बँकेवर बंधनकारक आहे. ग्राहकाच्या जोखमीनुसार दर २, ८ किंवा १० वर्षांनी ते नव्याने करावं लागतं. बँकेतून सारखे मेसेज येतात ते यामुळेच.

● रोखीचा अहवाल : १० लाखांहून जास्त रोख व्यवहाराची माहिती बँक दिल्लीतल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवते. एकमेकांशी जोडलेले छोटे व्यवहार महिन्यात १० लाखांच्या वर गेले तरीही.

● संशयाचा अहवाल : रक्कम कितीही असो, व्यवहार खटकला तर बँक तो कळवते. आणि ही गोष्ट ग्राहकाला सांगायला कायद्याने मनाई आहे.

● खरा मालक कोण : कंपनीच्या नावाने खातं असेल तर तिच्यामागे कोणती माणसं आहेत हे शोधायचं. २०२३ पासून १० टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेली व्यक्ती खरा मालक धरली जाते.

हे फक्त बँकांपुरतं नाही. मोठे रोखीचे व्यवहार करणारे सराफ २०२० पासून आणि क्रिप्टो कंपन्या २०२३ पासून या कायद्याखाली आल्या. ग्राहकाच्या वतीने काही ठरावीक आर्थिक व्यवहार करणारे सीएदेखील २०२३ पासून त्यात आहेत.

मग एवढं जाळं असून पैसा सापडतो किती?

फारच थोडा. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने २०११ मध्ये एक अंदाज मांडला होता. २००९ या एका वर्षात जगात सुमारे १.६ लाख कोटी डॉलर धुतले गेले. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या २.७ टक्के. आणि त्यातला जप्त झालेला पैसा? एक टक्क्याहूनही कमी.

भारताचं चित्र संमिश्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एफएटीएफने भारताचा तपासणी अहवाल प्रसिद्ध केला. ४० पैकी ३७ शिफारशींमध्ये भारताचे नियम पूर्ण किंवा बऱ्याच अंशी योग्य ठरले. जी-२० मधल्या मोजक्याच देशांना मिळालेला वरचा दर्जा भारताला मिळाला. पण याच अहवालाने सांगितलं की खटले रखडतात आणि शिक्षा फार कमी होतात. पीएमएलएला कोर्टात दिलेली आव्हानं आणि न्यायालयांवरचा ताण ही त्याची कारणं नोंदवली गेली.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेली माहिती आणखी बोलकी होती. दहा वर्षांत राजकीय नेत्यांविरुद्ध ईडीने १९३ प्रकरणं दाखल केली. शिक्षा झाली फक्त दोन प्रकरणांत.

विरोधकांचा आक्षेप इथेच आहे. पीएमएलएमध्ये जामीन मिळणं फार अवघड. आरोपी दोषी नसावा, असं मानायला वाजवी कारण आहे याची कोर्टाला खात्री पटावी लागते. खटला वर्षानुवर्षं चालणार नाही आणि तोवर माणूस आत, म्हणजे खटल्याचीच शिक्षा होते, असं टीकाकार म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये या तरतुदी वैध ठरवल्या. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, पीएमएलएच्या प्रकरणातही जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असं स्पष्ट केलं.

दुसरी बाजूही आहे. पैसा परत मिळतो, हे काही प्रकरणांत दिसलं. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं की विजय मल्ल्याच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटींहून अधिक रक्कम बँकांना परत मिळाली. मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यातल्या नीरव मोदीच्या मालमत्तेतून १,०५२ कोटी परत आले. माणसं परदेशात असली तरी पैसा परत आणता येतो, हे त्यातून दिसलं.

नियमांचा फटका कुणाला बसतो?

१४ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदीला सहाच दिवस झाले होते. रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा घ्यायला मनाई केली. या बँकांतून काळा पैसा पांढरा होईल, ही भीती त्यामागे होती.

सोलापूरसारख्या जिल्ह्यात या निर्णयाचा अर्थ काय होता? गावची विकास सोसायटी आणि तिच्यामागे डीसीसी बँक, शेतकऱ्याचं पीककर्ज याच साखळीतून येतं. अनेक गावांत जवळची बँक तीच. पैसा धुणाऱ्यांना रोखण्यासाठी दार बंद झालं आणि दारात शेतकरी उभा होता. या बँकांकडे बंदीच्या आधी जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी मिळाली ती थेट जून २०१७ मध्ये.

जाळं विणताना हा प्रश्न कायम राहतो. भोकं लहान ठेवली की छोटे मासे आधी अडकतात. शेल कंपन्या उभ्या करणाऱ्याकडे वकील असतो, सीए असतो. केवायसी अपुरं म्हणून पेन्शन अडकलेल्या आजीकडे फक्त पासबुक असतं. म्हणूनच सरसकट सगळ्यांना छळू नका, जोखीम जिथे जास्त तिथे तपासणी जास्त करा, असं एफएटीएफच्या शिफारशीही सांगतात. ते काउंटरवर किती पाळलं जातं, हा अनुभवाचा भाग.

सामान्य माणसाने काय लक्षात ठेवावं?

आज पैसा धुण्यासाठी सर्वांत स्वस्त साधन आहे दुसऱ्याचं बँक खातं. सायबर फसवणुकीतला पैसा काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवला जातो. यातली बरीच खाती विद्यार्थ्यांची, मजुरांची, बेरोजगार तरुणांची असतात. 'तुझं खातं दे, महिन्याला पाच हजार घे' इतकं साधं आमिष असतं. बँकिंगच्या भाषेत याला 'म्यूल अकाउंट', म्हणजे दुसऱ्याचं ओझं वाहणाऱ्या खेचराचं खातं म्हणतात. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची प्रणालीही आणली आहे.

● आपलं खातं, एटीएम कार्ड, चेकबुक किंवा बँकेशी जोडलेलं सिम कुणालाही वापरायला देऊ नका. पैसा कुणाचाही असो, पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव खातेदाराचं येतं.

● अनोळखी रक्कम खात्यात आली तर ती खर्च करू नका आणि फोनवर सांगणाऱ्याला परस्पर परतही पाठवू नका. बँकेला लेखी कळवा.

● कागद न वाचता कुठल्याही कंपनीचे संचालक किंवा भागीदार म्हणून सही करू नका. ओळखीतल्या माणसाने सांगितलं तरीही.

● 'मनी लॉन्डरिंगच्या केसमध्ये तुमचं नाव आलंय, व्हिडिओ कॉलवरच थांबा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा कुठलाही प्रकार भारतीय कायद्यात नाही.

● फसवणूक झाली तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

मोम्बासाच्या टोळीला २०१६ मध्ये सोलापूरचा माल मिळाला नाही, कारण तो वेळेत एका गोदामात सापडला. आजचा गुन्ह्याचा पैसा गोदामात सापडत नाही. तो कुणाच्या तरी खात्यातून जातो आणि ते खातं चिंचोळीच्या कामगाराचं किंवा सोलापुरातल्या कॉलेजच्या पोराचंही असू शकतं.